चांदीचा चमचा मानेतच का वाकतो?

भाचीच्या उष्टावणाला चांदीची वाटी आणि चमचा मी घेतला होता. पहिला घास मामाने भरवायचा, तेव्हा ते घेणं माझ्याकडेच आलं. दांड्याच्या टोकाला नाचरा मोर, मागे वेलबुट्टी, लाल मखमली डबी, आणि बिलावर चमच्याचं वजन १२ ग्रॅम. पोर दोन वर्षांची झाली. मे महिन्यातल्या एका दुपारी तिने फ्रीजरमधून नुकत्याच काढलेल्या आइस्क्रीममध्ये तो चमचा खुपसला आणि जोर लावला. दांडा संपून वाटी सुरू होते नेमका तिथे, म्हणजे मानेत, चमचा वाकला. ताईने बोटांनी सरळ केला, तो पुन्हा वाकला. तिसऱ्यांदा सरळ करताना त्या जागी केसासारखी चीर दिसली.

"चांदी मऊच असते रे," असं घरात सगळ्यांनी म्हटलं. मला ते पटेना. आमच्या देवघरातली पळी आजीच्या लग्नातली आहे. रोज हाताळली जाते, घासली जाते, आजवर कितीदा तरी फरशीवर पडली असेल. तिची मान जशीच्या तशी आहे. तीही चांदीचीच. मग दोष चांदीचा कसा?

या प्रश्नापायी मी नागपुरात इतवारीच्या सराफ्यात एका कारागीर काकांकडे जाऊन बसू लागलो. आधी नुसता पाहायचो, मग त्यांनी हातात हातोडी दिली. दोन वर्षं रविवारच्या सकाळी त्यांच्या ऐरणीपाशी जे कळलं आणि मग वाचून ताडून पाहिलं, ते इथे सांगतो. चमचा ही रोजची वस्तू आहे, पण चांगला चमचा आखणं हे पूल बांधण्यासारखं काम आहे. माल कुठे ठेवायचा आणि कुठून काढायचा, सगळा खेळ त्याचा.

फूटपट्टी आणि पळसाचं पान

प्लास्टिकची फूटपट्टी घ्या. आडवी धरून तिच्या टोकावर बोट दाबा, ती सहज झुकते. तीच उभ्या कडेवर धरून दाबा, हलत नाही. प्लास्टिक तेवढंच आहे, फक्त रुंदीची जाडी झाली आणि जाडीची रुंदी. जोर ज्या दिशेने येतो त्या दिशेची जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो, तिप्पट केली तर सत्तावीसपट. रुंदी दुप्पट केली तर मात्र तो फक्त दुप्पट होतो. हा घनाचा हिशेब एकदा डोक्यात बसला की चमच्याकडे पाहायची नजरच बदलते.

चमच्यावर जोर येतो तो वरून खाली. म्हणजे मान वरून अरुंद दिसली तर चालेल, बाजूने ती जाड हवी. भाचीचा चमचा पत्र्यातून कापून ठशात दाबलेला होता. पत्र्याची जाडी सगळीकडे एकच. मान नाजूक दिसावी म्हणून तिथली रुंदी कमी केलेली, आणि जाडी वाढवण्याची सोयच नाही. मी मोजली तर मानेपाशी १ मिलिमीटर भरली. आजीच्या पळीची मान वरून पाहिली तर त्या चमच्याइतकीच बारीक, बाजूने मोजली तर ३ मिलिमीटर. म्हणजे तेवढ्याच रुंदीत सत्तावीसपट ताठ. कोडं तिथेच सुटलं.

आता स्टीलचा चमचा दीड मिलिमीटरच्या पत्र्याचा असूनही का टिकतो? कारण पोलाद चांदीच्या जवळजवळ अडीचपट ताठ आहे. तेवढाच ताठपणा चांदीत हवा असेल तर जाडी सुमारे एक तृतीयांशाने वाढवावी लागते. शिवाय चांदी पोलादापेक्षा जड. दोन्ही गोष्टी धरल्या तर तितकाच भक्कम चांदीचा चमचा स्टीलच्या चमच्याच्या पावणेदोनपट वजनाचा होतो. म्हणून जुना, नीट घडवलेला चमचा हातात घेतला की जड लागतो. ते वजन मिरवण्यासाठी घातलेलं नसतं, चमच्याची ती गरजच असते. आणि म्हणूनच स्टीलच्या चमच्याचं चित्र घेऊन "हाच चांदीत करून द्या" म्हणणं चुकीचं आहे. धातू बदलला की आकारही बदलायला हवा.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण आपल्या विदर्भात जागोजागी पडलेलं असतं. पळसाचं पान उचलून उलटं करा. देठ पानाला येऊन भिडतो तिथे थांबत नाही. तो पानात शिरतो, मधली शीर होतो आणि टोकाकडे जाता जाता बारीक होत नाहीसा होतो. पान पातळ, पण शिरेमुळे ते लुळं पडत नाही. अशा पानांच्या पत्रावळीवर आपण गरम वरणभात खाल्लेला आहे. चांगल्या चमच्याच्या पाठीवर नेमकं हेच असतं. दांड्याची जाडी वाटीच्या तळाखालून पुढे थोडी उतरत जाते. सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्याच्या सुरुवातीला इंग्लंडातल्या चांदीच्या चमच्यांना पाठीवर अशी ठसठशीत शीर असे. तिकडे तिला उंदराची शेपटी म्हणत. त्या काळी चमचे टेबलावर पालथे ठेवायची रीत होती, घराण्याचं चिन्हही पाठीवर कोरलेलं असे, म्हणून ही शीर मिरवलीही जायची. पुढे १७६०च्या सुमारास चमचे उताणे ठेवू लागले, दांड्याचं टोक खाली वळलं, नक्षी वर आली आणि शीर आखूड होऊन वाटीच्या मुळाशी एका थेंबाएवढी उरली. पण तिचं काम तेच राहिलं.

जास्त शुद्ध म्हणजे जास्त चांगलं, असं नाही

आपल्याकडे चांदी घेताना पहिला प्रश्न टंचाचा. जितकी शुद्ध तितकी उत्तम. देवाच्या मूर्तीसाठी, ताम्हणासाठी ते ठीक आहे. चमच्यासाठी मी उलट सांगेन: ९९९ची चांदी मागू नका, ९२५ची मागा. हजारात ९२५ भाग चांदी आणि ७५ भाग तांबं, यालाच स्टर्लिंग म्हणतात. इंग्लंडात १३०० सालच्या कायद्याने हे प्रमाण पक्कं केलं आणि १६९७ ते १७२० ही वर्षं सोडली तर सातशे वर्षं तेच टिकलं. कारण सरळ आहे. शुद्ध चांदी फार मऊ, आणि एवढ्याशा तांब्याने ती बरीच कडक होते, तरी ठोकून घडवण्याजोगी राहते. हिशेबही सोपा आहे: १०० ग्रॅम शुद्ध चांदीत साधारण ८ ग्रॅम तांबं घातलं की ९२५ होते.

भारतीय मानक ब्युरोच्या चांदीच्या प्रतींमध्ये ८००, ८३५, ९२५ आणि त्याच्या वरच्याही आहेत. १ सप्टेंबर २०२५पासून चांदीलाही सोन्यासारखा सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या वस्तूचा स्वतःचा ओळख क्रमांक, ऐच्छिक स्वरूपात सुरू झाला. चमचा घेताना तो क्रमांक आणि शुद्धतेचा आकडा आवर्जून पाहा. आणि जर्मन सिल्व्हरच्या नावाला भुलू नका. त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी नसते. १८४० साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनांनी विजेने मुलामा चढवण्याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून अशा धातूवर चांदीचा पातळ थर देऊन काटे-चमचे निघू लागले. पाठीवर ईपीएनएस अशी अक्षरं असतील तर तो मुलामा. ते चमचे वाईट नसतात, पण भाव चांदीचा देऊ नका.

मिश्रधातूइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे हातोडीची. धातू ठोकला की त्याच्या आतले कणांचे थर एकमेकांवरून सरकतात, म्हणून तो पसरतो. पण प्रत्येक ठोक्यागणिक आत गुंते वाढत जातात, जसे लोकरीच्या गुंड्यात होतात. गुंते वाढले की सरकायला वाव उरत नाही आणि धातू कडक होतो. भरपूर ठोकलेली ९२५ चांदी मऊ केलेल्या चांदीच्या दुप्पट कडक असते. त्यापुढेही ठोकत राहिलं तर कडेला चिरा पडतात. पहिल्या महिन्यात मी हेच केलं. जोशात ठोकत होतो, तर काका शेजारून म्हणाले, "काहून ठोकून राहिला रे? थकली ते चांदी. तापव तिले."

चांदी थकली, हा शब्द मला कुठल्याही पुस्तकी शब्दापेक्षा आवडतो. आवाजावरून कळतं. ताजी चांदी ऐरणीवर बद्द वाजते, थकलेली टणटण वाजू लागते आणि हातोडी उसळून परत येते. मग तिला ६०० ते ६५० अंशांपर्यंत तापवायचं. एवढ्या तापमानाला ती मंद लालसर दिसते, पण लख्ख उजेडात हा लाल रंग डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून काकांच्या खोलीत तापवायचा कोपरा मुद्दाम अंधारा ठेवलाय. तिथे लाली दिसली की ज्योत बाजूला घ्यायची. अजून तापवत राहिलात तर ९२५ चांदी ८०० अंशांपुढे वितळू लागते, आणि मधलं अंतर ज्योतीखाली काही क्षणांचं असतं. मग पाण्यात बुडवायची आणि पातळ तेजाबात स्वच्छ करायची. तेजाबात लोखंडी चिमटा घालायचा नाही. घातला तर तेजाबात उतरलेलं तांबं चांदीवर येऊन बसतं आणि सगळा चमचा तांबूस होतो. हेही मी करून पाहिलेलं आहे.

आता भाचीच्या चमच्याची दुसरी खोट सांगतो. चीर पडलेली जागा भिंगाखाली पाहिली तर तिथे डागाची, म्हणजे दोन तुकडे जोडायला वितळवलेल्या धातूची, बारीक रेघ होती. वाटी वेगळी दाबलेली, दांडा वेगळा, आणि दोन्ही मानेपाशी डाग देऊन जोडलेले. चांदीचा डाग वितळायला ७०० अंशांच्या आसपास तापमान लागतं. म्हणजे जोडताना मान पूर्ण मऊ पडते. ठोकून जो काही कडकपणा आला असेल तो नेमका तिथेच पुसला जातो जिथे त्याची सगळ्यात जास्त गरज असते. एका सळईतून घडवलेल्या चमच्याला जोडच नसतो. शेवटचं तापवणं झाल्यावर मानेला मुद्दाम आणखी ठोके देऊन ती कडक केली जाते आणि त्यानंतर तिला ज्योत दाखवत नाहीत. पातळ पत्रा आणि डागाने मऊ पडलेली मान, या दोन गोष्टींनी तो चमचा आइस्क्रीमपुढे हरला. दोन वर्षांच्या मुलीची ताकद ती केवढी.

सळईचा चमचा होतो कसा

लहान मुलाचा चमचा २८ ग्रॅमचा करायचा असं ठरवलं. ९२५ चांदीचा एक घन सेंटिमीटर १०.३६ ग्रॅम भरतो, म्हणजे चमच्यात २.७ घन सेंटिमीटर चांदी हवी. ६ मिलिमीटर चौरस सळई घेतली तर साडेसात सेंटिमीटरचा तुकडा. कानशीत आणि पॉलिशमध्ये तूट जाते, तेव्हा थोडा लांब घ्यायचा. तर्जनीएवढा हा तुकडा हातात घेतला की यातून १४ सेंटिमीटरचा चमचा निघेल असं वाटत नाही.

निघतो, कारण धातू कणकेसारखा वागतो. लाटणं उभं फिरवलं की पोळी उभी वाढते, आडवं फिरवलं की आडवी. चपट्या तोंडाच्या हातोडीचं तसंच आहे. तिची धार सळईला आडवी ठेवून ठोकलं तर सळई लांब होते. धार सळईच्या लांबीला धरून ठोकलं तर ती रुंद पसरते. पहिल्यांदा मानेची जागा ठरवायची, एका टोकापासून साधारण तिसऱ्या हिश्शावर. तिथे सळई दोन्ही बाजूंनी दाबून अरुंद करायची आणि उंचीला हात लावायचा नाही. मग दांडा लांबवत न्यायचा, टोकाकडे रुंद आणि पातळ. उरलेला ठोकळा म्हणजे वाटीचा माल. तो मधून कडांकडे पसरवत न्यायचा, बदामाच्या पानाच्या आकारात. हे करताना मधला भाग आणि पुढचं टोक जाड राखायचं, बाजू पातळ होऊ द्यायच्या.

जाडीची ही वाटणी मनात ठेवून ठोकत राहणं म्हणजेच हातघडणीचं डिझाइन. कागदावर काढलेलं चित्र चमच्याची फक्त सावली दाखवतं. मानेला ३ मिलिमीटर, वाटीच्या बाजूंना जेमतेम दीड, टोकाला पुन्हा दोन, दांड्याच्या शेवटाला दोन, असा चढउतार पत्रा कापून मिळत नाही. कारखान्यातही तो साधायचा तर कापलेला तुकडा रुळांखाली ठिकठिकाणी वेगवेगळा दाबावा लागतो, आणि चांगले कारखाने ते करतात. वाईट कारखाना आणि घाईतला सोनार, दोघेही तो टाळतात.

माझ्या पहिल्या चमच्याला नऊ वेळा तापवावं लागलं. काकांना चार वेळा पुरलं असतं.

सपाट पान तयार झालं की वाटी खोल करायची. जुने कारागीर शिशाच्या ठोकळ्यात खळगा करून त्यावर पोलादी ठोसा मारत. शिसं मऊ, आकार सुरेख येतो. पण शिशाचा कण चांदीला चिकटून राहिला आणि ती तापवली तर शिसं चांदीला खात आत जातं, भोकच पडतं. शिवाय ते विषारी, आणि ही वस्तू तोंडात जाणारी. आम्ही बाभळीच्या लाकडी ओंडक्यात खळगा करून घेतलाय. मग कानस, मग सरेस कागद, बारीक आणि आणखी बारीक, आणि शेवटी ओपणी. अकीकाच्या गुळगुळीत दगडाची ही ओपणी दाबून फिरवली की चांदीचा वरचा थर घट्ट बसतो आणि जी झळाळी येते तिला यंत्रावरच्या बफाची सर नाही.

तोंड, हात आणि टेबल

वाटीची लांबी-रुंदी ओठांवर ठरते. मोठ्या माणसाचा जेवणाचा चमचा साधारण २० सेंटिमीटरचा, चहाचा १३-१४चा. लहान मुलाच्या चमच्याची वाटी अडीच सेंटिमीटरपेक्षा रुंद झाली तर ओठांच्या कोपऱ्यांना टोचते. खोली जास्त झाली तर तळाशी खीर राहते आणि मूल चमचा उलटा करून चाटतं. कड पातळ हवी, पण धार नको. बोटाच्या पेरावरून फिरवली तर ती गोलसर लागली पाहिजे.

मग तोल. चमचा बोटावर आडवा ठेवून पाहा. तोलाचा बिंदू मानेच्या थोडा मागे, जिथे बोटं धरतात त्याच्या आसपास आला तर चमचा हातात हलका वाटतो, वजन कितीही असो. टोकावर जड मोर बसवला की तोल मागे सरकतो आणि लहान मुलाच्या हातातून वाटी वर उडते. बाजूने पाहिलं तर चमच्याची रेषा हंसाच्या मानेसारखी वळत जाते: वाटीतून वर, मग दांड्यावर सावकाश खाली. टेबलावर ठेवला की तो वाटीचा तळ आणि दांड्याचं टोक अशा दोनच ठिकाणी टेकायला हवा आणि वाटीची कड सपाट राहायला हवी. त्यात पाणी भरून ठेवून पाहा. एका बाजूने सांडलं तर वळण चुकलं.

चांदीचा आणखी एक स्वभाव आखणीत धरावा लागतो. सगळ्या धातूंमध्ये उष्णता सगळ्यात वेगाने वाहून नेणारी चांदी. स्टेनलेस स्टीलच्या वीसपटींहून जास्त. म्हणून जुन्या चांदीच्या चहादाण्यांना मूठ लाकडाची असायची. सावजीचा उकळता रस्सा चांदीच्या चमच्याने खाऊ नका, ओठ भाजतील आणि दांडाही तापेल. पण हाच गुण थंड पदार्थांना वरदान आहे. हाताची ऊब दांड्यातून वाटीत उतरते आणि घट्ट आइस्क्रीम, कुल्फी यांत चमचा अलगद शिरतो. बासुंदी, श्रीखंड, खीर यांच्यासाठी चांदीसारखा चमचा नाही, आणि आपल्या स्वयंपाकात चमच्याने खायचे पदार्थ बहुतेक हेच. भात-भाजी हाताने खाणाऱ्या माणसांनी चमचा आखायचा तो गोडासाठी आणि वाढण्यासाठी, असं माझं मत आहे. इंग्रजी पद्धतीचा वीस नगांचा संच घेण्यापेक्षा सहा उत्तम चमचे आणि एक डाव करून घ्यावा.

काट्याबद्दल थोडंच सांगतो. तो आधी रुंद पट्टीसारखा घडवतात, मग करवतीने दाते कापतात. प्रत्येक दाता स्वतंत्रपणे वाकू शकतो, म्हणून मुळाशी जाड आणि टोकाला निमुळता हवा. दोन दात्यांमधली मुळाची फट गोल हवी, टोकदार राहिली तर तिथे अन्न अडकतं आणि चीरही तिथूनच सुरू होते. सुरीचं पातं चांदीचं करत नाहीत, धार टिकत नाही. पोकळ चांदीची मूठ करून तिच्यात राळ भरतात आणि पोलादी पातं बसवतात. म्हणून अशा सुऱ्या उकळत्या पाण्यात घालायच्या नसतात. पूर्वी साधं पोलाद लिंबाच्या रसाने काळं पडायचं आणि माशाला लोखंडाची चव यायची. म्हणून माशाची सुरी तेवढी अख्खी चांदीची केली जायची, मासा कापायला धार लागत नाही. १९१३मध्ये शेफिल्डला हॅरी ब्रिअर्ली यांनी स्टेनलेस स्टील आणलं आणि पात्याचा तो प्रश्न मिटला. त्याच शेफिल्डच्या डेव्हिड मेलर यांनी १९५३मध्ये 'प्राइड' नावाचा संच आखला. त्यावर नक्षी जवळजवळ नाहीच, सगळं सौंदर्य जाडीच्या चढउतारात आणि कडांच्या वळणात. त्याची छायाचित्रं जरूर शोधून पाहा, विशेषतः बाजूने काढलेली.

नक्षी, ठोक्यांच्या खुणा आणि काळेपणा

नक्षीला माझा विरोध नाही. तिची जागा मात्र ठरलेली असावी: दांड्याचं टोक, किंवा वाटीची पाठ. मानेवर खोल कोरलं तर तिथली जाडी जाते, आणि जाडीच्या घनाचा हिशेब आपण पाहिलाच. वाटीच्या आत तर काहीच नको. त्या खाचांत खीर वाळून बसते आणि लहान मुलाचा चमचा कायम अस्वच्छ राहतो.

हल्ली सगळीकडे हातोडीच्या ठोक्यांच्या खुणा असलेले चमचे "हॅण्डमेड" म्हणून विकले जातात. त्या खुणांवरून काहीही सिद्ध होत नाही, ठशातही तशा खुणा पाडता येतात. उलट जुने कारागीर चमचा घडवून झाला की सपाट, चकचकीत तोंडाच्या हातोडीने एकेक खूण काढून टाकायचे. हातघडण ओळखायची असेल तर चमचा डोळ्यांसमोर आडवा धरा आणि बाजूने पाहा. जाडी मानेपाशी चढते का? वाटीच्या पाठीवर शीर उतरते का? मानेवर भिंग धरा, डागाची रेघ दिसते का? मग अंगठ्याने वाटीवर हलकेच दाबा. तो किंचित झुकून परत आला पाहिजे. घडणावळ जास्त सांगितली तरी अशा चमच्याला ती द्यावी. एका माणसाचे दीड-दोन दिवस त्यात गेलेले असतात.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या वायूने. वरचा काळा थर म्हणजे चांदी आणि गंधक यांचं संयुग. अंडं, कांदा, लसूण, मोहरी यांत गंधक असतं, म्हणून अंड्याला चांदीचा चमचा लावत नाहीत. रबरबँड बांधून चमचे ठेवू नका, रबरातही गंधक असतं, नेमका काळा पट्टा उमटतो. मीठदाणीत चमचा ठेवून देऊ नका, मिठाने चांदीला खड्डे पडतात. आपल्याकडे मृगाच्या पावसानंतर हवा दमट झाली की काळेपणा झपाट्याने वाढतो, तेव्हा कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवावेत.

काळे झालेच तर राखुंडी आणि रांगोळी नको, दोन्ही ओरखडे काढतात. पातेल्याच्या तळाशी ॲल्युमिनियमचा कागद घाला, त्याला लागून चमचा ठेवा, चमचाभर खाण्याचा सोडा आणि थोडं मीठ टाका, वरून कढत पाणी ओता. गंधकाला चांदीपेक्षा ॲल्युमिनियमचा ओढा जास्त. ते चांदीला सोडून तिकडे जातं, सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि चांदी जागच्या जागी परत उजळते. घासून काळा थर काढला की त्यासोबत चांदीही जाते, या पद्धतीत ती जात नाही. राळ भरलेल्या सुऱ्यांना मात्र हे करू नये. सगळ्यात चांगला उपाय रोज वापरायचा आणि धुऊन पुसायचा. कपाटातला चमचा काळा पडतो, ताटातला पडत नाही.

भाचीचा मोराचा चमचा मी मोडीत दिला नाही. काकांनी त्याचा टंच पाहिला, मुशीत टाकला, वरून आणखी चांदी आणि हिशेबाचं तांबं घातलं, चिमूटभर टाकणखार टाकला आणि सळई ओतली. त्या सळईचा चमचा मी घडवला. मान ३ मिलिमीटर, पाठीवर पळसाच्या पानासारखी शीर, वजन २८ ग्रॅम, नक्षी नाही. दांड्याच्या मागे तिच्या नावाचं पहिलं अक्षर काकांनी कोरून दिलं. आता ती साडेचार वर्षांची आहे आणि आइस्क्रीम फ्रीजरमधून काढल्या काढल्याच खाते. परवा चमचा हातात घेऊन पाहिला. वाटीच्या टोकाला डाव्या बाजूने बारीक ओरखडे दिसायला लागलेत. ती उजव्या हाताने खाते.